सक्ती गेली, आग्रह आला: अमेरिकी हवाई दल अकादमीतला धर्माचा वाद

फेब्रुवारी 2004 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथल्या अमेरिकी हवाई दल अकादमीत, कॅडेट जेवतात त्या मिचेल हॉलमध्ये, एका चित्रपटाची पत्रकं टेबलांवर ठेवलेली होती. येशूच्या क्रुसावरील मृत्यूवरचा हा चित्रपट त्याच महिन्यात प्रदर्शित व्हायचा होता. पोस्टरही लागली होती, आणि त्यांवर एक सूचना होती: हा अकादमीचा अधिकृत कार्यक्रम आहे, पोस्टर काढू नये.

मिचेल हॉल म्हणजे कॉलेजचं कॅन्टीन नव्हे. सुमारे 4000 कॅडेटांची अख्खी विंग तिथे एकाच वेळी, कूच करत येते आणि ठरलेल्या वेळात जेवून उठते. पहिल्या वर्षाच्या कॅडेटने कसं बसायचं, नजर कुठे ठेवायची, हेसुद्धा वरच्या वर्षाचे कॅडेट ठरवतात. अशा ठिकाणी ताटाशेजारी ठेवलेला कागद नवा कॅडेट आमंत्रण म्हणून वाचत नाही. इथे जे काही समोर येतं ते कोणीतरी वरून मंजूर केलेलं असतं, हे तो पहिल्या आठवड्यातच शिकलेला असतो.

पुढच्या पावणेतीन वर्षांत यावरून चौकशी झाली, नियम निघाले, नियम मागे घेतले गेले, खटला उभा राहिला आणि पडला. जुनी पिढी श्रद्धाळू, नवी पिढी बंडखोर, असं हे प्रकरण सहसा सांगितलं जातं. घटनाक्रम मात्र वेगळंच दाखवतो. इथे आग्रही श्रद्धा आणणारे आणि तिला विरोध करणारे एकाच पिढीचे होते, आणि ती पिढी घडली होती एका न्यायालयीन निकालानंतर.

1972 चा निकाल आणि त्यानंतरचे कॅडेट

1972 पर्यंत वेस्ट पॉइंट (भूदल), ॲनापोलिस (नौदल) आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज (हवाई दल) या तिन्ही अकादम्यांत रविवारची प्रार्थनेची हजेरी सक्तीची होती. प्रॉटेस्टंट, कॅथलिक की ज्यू, एवढीच निवड कॅडेटकडे. दांडी मारली तर गुण कापले जात, सुट्टी जाई, शिक्षेच्या फेऱ्या माराव्या लागत. व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या काही कॅडेटांनी याला आव्हान दिलं. तो खटला 'अँडरसन विरुद्ध लेअर्ड'. मेल्व्हिन लेअर्ड तेव्हा संरक्षणमंत्री होते.

सरकारचा बचाव वाचण्यासारखा आहे. आम्ही उपासनेची नव्हे, हजेरीची सक्ती करतो. उद्याच्या अधिकाऱ्याला आपल्या सैनिकांच्या श्रद्धांची जाण यावी म्हणून हे प्रशिक्षण आहे, असं सरकार म्हणालं. 30 जून 1972 रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हा बचाव फेटाळला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि दीडशे वर्षांच्या घरातली प्रथा संपली.

ती जुनी धार्मिकता परेडसारखी होती. गणवेश घाला, रांगेत जा, बसा, उठा, परत या. आत तुम्ही काय मानता याची फारशी विचारपूस नसे. सक्ती उघड होती, नियमपुस्तकात लिहिलेली होती, म्हणूनच न्यायालयाला तिच्यावर बोट ठेवता आलं.

1972 नंतर जो कॅडेट चॅपलमध्ये, म्हणजे अकादमीच्या प्रार्थनागृहात, जाई तो स्वतःहून जाई. 1973 मध्ये सक्तीची सैन्यभरती थांबली, 1976 मध्ये अकादम्यांत मुली आल्या. व्हिएतनामनंतर जुन्या, मध्यममार्गी प्रॉटेस्टंट पंथांचा सैन्यातला ओढा ओसरत गेला आणि त्या जागी इव्हॅन्जेलिकल पंथांचे चॅप्लेन (सैन्यातले धर्मगुरू) व अधिकारी वाढत गेले. त्यांच्या श्रद्धेत साक्ष देणं, म्हणजे आपला अनुभव दुसऱ्याला सांगून त्याला बोलावणं, हे कर्तव्यच असतं. 1991 मध्ये 'फोकस ऑन द फॅमिली' या इव्हॅन्जेलिकल संस्थेने आपलं मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्जला हलवलं. मोठमोठी चर्च अकादमीच्या आसपास उभी राहिली. सोमवारी संध्याकाळी अकादमीच्या आवारातच बाहेरच्या धार्मिक संघटना कॅडेटांचे गट घेत. त्यात जाणं ऐच्छिक होतं आणि बहुतेक कॅडेटांना ते आवडतही असे.

2004 मधले कमांडंट, म्हणजे कॅडेटांच्या लष्करी प्रशिक्षणाचे प्रमुख, 1978 च्या तुकडीचे. अकादमीवर पुढे खटला भरणारे मायकेल वाइनस्टाइन 1977 च्या तुकडीचे. दोघेही सक्ती उठल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले कॅडेट. एकाने त्यातून घेतलं की श्रद्धा आता मनापासून आणि मोकळेपणी बोलून दाखवायची गोष्ट झाली. दुसऱ्याने घेतलं की संस्थेने यातून अंग काढून घेतलं आहे. बत्तीस वर्षं हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले, कारण कोणाला ते समोरासमोर तपासावे लागले नाहीत.

तक्रारी वर कशा आल्या

धर्माबद्दल चौकशी करायला कोणी निघालं नव्हतं. 2003 मध्ये अकादमीत लैंगिक अत्याचारांचं मोठं प्रकरण उघडकीला आलं, वरचं नेतृत्व बदललं आणि कॅडेटांची सर्वेक्षणं सुरू झाली. वातावरणाविषयी मोकळे प्रश्न विचारले गेले तेव्हा उत्तरांत धर्मावरून होणारे शेरे, ज्यू कॅडेटांना ऐकावे लागणारे अपशब्द, वरिष्ठांकडून येणारा आग्रह हे सगळं आलं. येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्यालयातला गटही याच निमित्ताने आला: अत्याचारग्रस्तांना चॅप्लेन आधार कसा देतात ते पाहायला, प्राध्यापक क्रिस्टन लेस्ली यांच्या नेतृत्वाखाली, 2004 च्या उन्हाळ्यात.

तो काळ मूलभूत प्रशिक्षणाचा. सुमारे सहा आठवडे नव्या कॅडेटांना बाहेरच्या जगाशी जवळजवळ संपर्क नसतो. उत्तरार्धात ते जॅक्स व्हॅलीत तंबूंत राहतात. येलच्या गटाने जुलैअखेरच्या टिपणात तिथल्या प्रॉटेस्टंट प्रार्थनेचं वर्णन केलं. सुमारे 600 कॅडेटांसमोर एका चॅप्लेनने सांगितलं की, तंबूत परत जा, जे आले नाहीत त्यांना सांगा, ख्रिस्तात पुन्हा जन्म न घेणाऱ्यांच्या वाट्याला नरकाची आग आहे.

प्रार्थनेला न जाणाऱ्यांचं काय होई, तेही तक्रारींत आलं. रात्रीच्या जेवणानंतर प्रार्थनेला जाणारे एका बाजूला, बाकीचे वेगळ्या तुकडीत कूच करत खोल्यांकडे. त्या तुकडीला 'हीदन फ्लाइट', म्हणजे पाखंड्यांची तुकडी, असं नाव पडलं होतं. नियमाने कोणावरही सक्ती नव्हती. मात्र न जाण्याचा निर्णय सगळ्यांसमोर, पावलं टाकत, नावासकट जाहीर करावा लागे.

कमांडंटनी 2003 मध्ये राष्ट्रीय प्रार्थना दिनाला विंगला ईमेल पाठवला होता आणि नव्या कॅडेटांना येशूचा हाताचा एक संकेत शिकवला होता. नोव्हेंबर 2004 मध्ये फुटबॉल संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत 'आपण येशू ख्रिस्ताच्या संघाचे' अशा अर्थाचा फलक प्रशिक्षकांनी लावला. अकादमीने तो काढायला लावला. नाताळात अकादमीच्या वृत्तपत्रात ख्रिस्त हीच जगाची खरी आशा असल्याची जाहिरात येई. खाली अध्यापक आणि अधिकाऱ्यांच्या सह्या, त्यांत विभागप्रमुखही.

हुद्दा आग्रहाचं काय करतो

या सगळ्या घटना एकाच पोत्यात घातल्या गेल्या, आणि इथूनच उपाय फसायला सुरुवात झाली. त्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅडेटने कॅडेटला धर्मावरून शिवी देणं हा शिस्तीचा साधा गुन्हा. त्याला नवा नियम लागत नाही. स्क्वाड्रनचा (विंगमधल्या तुकडीचा) अधिकारी त्याच संध्याकाळी निकालात काढू शकतो.

वरिष्ठाने कनिष्ठाला प्रेमाने बायबलवाचनाला बोलावणं ही दुसरी गोष्ट, आणि सगळ्यात अवघड. अकादमीत कॅडेटचं मूल्यमापन नुसत्या परीक्षेवर होत नाही. लष्करी कामगिरीचे वेगळे गुण असतात, ते स्क्वाड्रनचा अधिकारी आणि वरच्या वर्षांचे कॅडेट यांच्या मतांवर ठरतात, आणि त्यावरून गुणवत्ता क्रम लागतो. वैमानिक व्हायचं की जमिनीवरचं काम करायचं, इथपर्यंत तो क्रम पोचतो. बोलावणारा अधिकारी मनात काही धरणार नाही, असं मानू. बोलावलेल्याला त्याची खात्री कशी पटावी? तो जातो, हसतो, आणि त्याच्या होकाराकडे बघून अधिकाऱ्याला वाटतं की मुलांना हे हवं आहे. हेतू शुद्ध असल्यामुळेच अधिकाऱ्याला तक्रार अन्यायकारक वाटते. 'मी कधी कोणावर जबरदस्ती केली?' हा त्याचा प्रश्न प्रामाणिक असतो.

तिसरी गोष्ट संस्थेच्या वाहिन्यांची: जेवणाचं टेबल, विंगचा ईमेल, अधिकृत शिक्का, वृत्तपत्रातल्या हुद्द्यासकट सह्या. इथे व्यक्तीचा हेतू तपासायची गरजच नाही. ही वाहिनी दुसऱ्या कोणत्याही गटाला याच अटींवर मिळाली असती का, एवढंच विचारायचं. नास्तिक कॅडेटांच्या गटाला मिचेल हॉलमधल्या टेबलांवर पत्रकं ठेवता आली असती का? उत्तर नाही असेल तर विषय तिथेच संपतो.

चॅप्लेनचं स्थानही समजून घ्यायला हवं. भारतीय लष्करातले धर्मशिक्षक जेसीओ, म्हणजे कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या खालच्या हुद्द्याचे, असतात. अमेरिकेत चॅप्लेन हा कमिशन्ड अधिकारी असतो. त्याला हुद्दा असतो, पण हुकूम चालवायचा अधिकार नसतो. त्याच्याशी बोललेलं गोपनीय राहतं, कमांडरलाही विचारता येत नाही. म्हणजे घाबरलेल्या, एकट्या पडलेल्या अठरा वर्षांच्या कॅडेटला मन मोकळं करायला जे मोजके कान असतात त्यांतला हा सगळ्यात सुरक्षित. चॅप्लेनने व्यासपीठावरून नरकाची भाषा केली की ज्यू, मुस्लिम, निधर्मी, इतकंच काय, शांत स्वभावाचा कॅथलिक कॅडेटही त्या दारात जायचा थांबतो. धर्मस्वातंत्र्याच्या चर्चेत ही हानी क्वचितच मोजली जाते. लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणातून सावरणाऱ्या संस्थेत तर ती मोजायलाच हवी होती.

पन्नास मिनिटांचा तास आणि चौकशी

अकादमीने स्वतः हालचाल केली ती 2005 च्या वसंतात. 'सर्वांच्या आध्यात्मिक मूल्यांचा आदर' अशा अर्थाचा पन्नास मिनिटांचा वर्ग सगळ्या कॅडेटांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाला. तयार करणाऱ्यांत चॅप्लेन कॅप्टन मेलिंडा मॉर्टन होत्या. हवाई दलाच्या मुख्य चॅप्लेनकडे तो गेला तेव्हा त्यातला बराच मजकूर कापला गेला. मॉर्टन यांनी अकादमीतल्या वातावरणाबद्दल जाहीरपणे बोलायला सुरुवात केली, त्यांची बदली जपानमधल्या ओकिनावाला झाली आणि त्यांनी हवाई दल सोडलं.

असा वर्ग का पुरत नाही, ते त्याच्या रचनेतच दिसतं. आदर करा, अपशब्द वापरू नका, हे सांगायला पन्नास मिनिटं भरपूर झाली. पण त्यातून पहिल्या प्रकारचा प्रश्न सुटतो, दुसऱ्याला हात लागत नाही. त्यासाठी अधिकाऱ्यांना वेगळं बसवून नेमके प्रसंग सोडवायला द्यावे लागतात: तुमच्या स्क्वाड्रनचा कॅडेट स्वतःहून तुमच्या चर्चमध्ये दिसला तर काय, त्याने विचारल्यावर स्वतःची श्रद्धा किती सांगायची, त्याच महिन्यात त्याचे गुण भरायचे असतील तर काय. कॅडेट आणि कर्नल यांना एकच धडा दिला की कर्नल तो कॅडेटांसाठीचा समजून ऐकतो.

हवाई दलाने नेमलेल्या लेफ्टनंट जनरल रॉजर ब्रेडी यांच्या पथकाचा अहवाल 22 जून 2005 ला आला. उघड धार्मिक भेदभाव आढळला नाही. मात्र सर्वांच्या गरजांची पुरेशी सोय झाली नाही आणि श्रद्धा व्यक्त करण्याची मर्यादा कुठे संपते याची जाणीव लोकांना नाही, असा त्याचा सूर होता. टीकाकारांना तो मिळमिळीत वाटला. आमच्या मते पहिलं वाक्य बरोबर होतं आणि म्हणूनच निरुपयोगी होतं. 1972 च्या चष्म्यातून पाहिलं तर भेदभाव दिसणारच नव्हता, कारण या वेळी नियमपुस्तकात काही लिहिलेलंच नव्हतं.

नियम निघाले आणि विरले

29 ऑगस्ट 2005 च्या अंतरिम मार्गदर्शक सूचना सगळ्या हवाई दलासाठी होत्या. नेहमीच्या बैठका, वर्ग, खेळाचे सामने यांत सार्वजनिक प्रार्थना नको. कमांड बदलण्यासारखे खास समारंभ, किंवा मोठी जीवितहानी, समोर उभी ठाकलेली लढाई असे असाधारण प्रसंग असतील तर थोडक्यात आणि कोणत्याही एका पंथाची नसलेली प्रार्थना चालेल. वरिष्ठांनी आपल्या शब्दांना हुद्द्याचं वजन असतं हे लक्षात ठेवावं.

इव्हॅन्जेलिकल संघटना आणि अमेरिकी संसदेतले, म्हणजे काँग्रेसमधले, त्यांचे समर्थक खवळले. आपल्या चॅप्लेनना येशूचं नाव घेऊ देणार नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार. ती निव्वळ कांगावा नव्हती: ज्याच्या पंथात येशूच्या नावाशिवाय प्रार्थना पूर्णच होत नाही, त्याला 'सर्वसाधारण' प्रार्थना म्हणायला सांगणं हीदेखील एक सक्तीच. पण त्यावरचा खरा उपाय म्हणजे प्रार्थना प्रार्थनास्थळी पूर्ण मोकळेपणी आणि फॉर्मेशनमध्ये, म्हणजे सगळे रांगेत उभे असताना, मुळीच नाही. तो कोणालाच नको होता.

9 फेब्रुवारी 2006 च्या सुधारित सूचना बऱ्याच आखूड होत्या. त्यांत वरिष्ठांनाही इतरांइतकंच श्रद्धास्वातंत्र्य आहे यावर भर आला. हुद्द्याच्या वजनाची गोष्ट राहिली, पण पातळ झाली. सप्टेंबर 2006 मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकासोबतच्या अहवालात काँग्रेसने त्याही मागे घ्यायला सांगितल्या. जेमतेम तेरा महिन्यांत चक्र फिरून मूळ जागी आलं.

वाइनस्टाइन आणि इतर माजी कॅडेटांचा खटला ऑक्टोबर 2005 मध्ये न्यू मेक्सिकोच्या फेडरल न्यायालयात दाखल झाला आणि ऑक्टोबर 2006 मध्ये फेटाळला गेला. अकादमी बरोबर होती असं न्यायालय म्हणालं नाही. वादींची स्वतःची हानी नेमकी दाखवलेली नाही, म्हणून त्यांना दावा लावता येत नाही, एवढंच म्हणालं. अशा प्रकरणांत हे वारंवार घडतं. ज्याला झळ लागते तो कॅडेट असतो, तो चार वर्षांत बाहेर पडतो, आणि आत असताना तक्रार केली तर गुणवत्ता क्रमाची भीती असते. बाहेर पडल्यावर बोललं तर कायदा विचारतो, आता तुमचं काय बिघडतंय?

तुलनेसाठी व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट या लष्करी कॉलेजचा खटला घ्या. तिथे रात्रीच्या जेवणापूर्वी कॅडेटांना उभं करून प्रार्थना वाचली जाई. दोन कॅडेटांनी आव्हान दिलं आणि 2003 मध्ये अपील न्यायालयाने ती प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. तेही दोघे तोवर पदवीधर झाले होते, पण नुकसानभरपाईच्या दाव्यामुळे प्रश्न जिवंत राहिला. शिवाय तिथे वेळापत्रकात लिहिलेली, रोज होणारी, दाखवता येणारी कृती होती. कोलोरॅडोत होतं ते वातावरण, आणि वातावरणाने एका वादीचं नेमकं काय बिघडवलं, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

काय करायला हवं होतं

कमांडरच्या हातात असलेले उपाय मोठे नव्हते. वाहिन्यांचा नियम एका पानात बसतो: मेस, फॉर्मेशन, विंगचा ईमेल आणि अधिकृत शिक्का यांवर कोणत्याही श्रद्धेचा कार्यक्रम नाही, सूचनाफलक सगळ्या गटांना सारखा, सारख्या आकाराचा, सारख्या मुदतीचा. प्रार्थनेच्या वेळी न जाणाऱ्यांसाठी त्याच वेळेत, तितकाच मोलाचा पर्याय ठेवायचा: घरी पत्र लिहायला अर्धा तास, किंवा निवांत वाचन. दोन्हीकडे जाणारे एकाच रांगेतून निघावेत आणि वळणावर वेगळे व्हावेत. 'हीदन फ्लाइट' मोडायला आदर शिकवणारा वर्ग लागत नाही, ड्रिलचं वेळापत्रक बदललं तरी पुरतं.

गुण देणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच कॅडेटचा धर्मगट चालवू नये, दुसऱ्या स्क्वाड्रनचा चालवावा, हा नियम अधिकाऱ्याची श्रद्धा अबाधित ठेवतो आणि कॅडेटची शंका काढून टाकतो. तक्रारीची वाट मात्र चॅप्लेनच्या ऑफिसातून जाऊ नये. तिथे मदत मिळावी, चौकशी दुसरीकडे व्हावी.

पुढची दहा वर्षं

2010 मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणात ख्रिस्तेतर कॅडेटांपैकी 41 टक्क्यांनी सांगितलं की, मागच्या वर्षात निदान एकदा-दोनदा नको असलेला धर्मप्रचार सोसावा लागला. त्याच सुमाराला निसर्गपूजक पंथांच्या कॅडेटांसाठी टेकडीवर दगडांचं वर्तुळ मांडून प्रार्थनास्थळ करण्यात आलं. जानेवारी 2010 मध्ये तिथे कोणीतरी लाकडी क्रूस उभा केलेला सापडला. अकादमीने जागा दिली होती, शेजाऱ्यांची संमती वेगळी मिळवावी लागते.

ऑगस्ट 2012 मध्ये हवाई दलाच्या वर्तनसंहितेत स्पष्ट वाक्य आलं: आपल्या पदाचा वापर करून हाताखालच्यांत स्वतःची श्रद्धा पसरवणं, किंवा तसं वाटू देणंही, टाळायला हवं. ऑक्टोबर 2013 मध्ये अकादमीच्या सन्मान शपथेतले 'देव मला साहाय्य करो' हे शेवटचे शब्द ऐच्छिक झाले. ते 1984 मध्ये जोडलेले होते, म्हणजे तेही सक्ती उठल्यानंतरच्या काळातले. तोवर देशातही चित्र पालटत होतं: जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू संस्थेच्या पाहणीत कोणताच धर्म न सांगणारे प्रौढ 2007 मध्ये 16 टक्के होते, 2014 मध्ये 23 टक्के, आणि तरुणांत त्याहून कितीतरी जास्त.

मार्च 2014 मध्ये एका कॅडेटने आपल्या खोलीबाहेरच्या पांढऱ्या फळ्यावर बायबलमधली एक ओळ लिहिली. तक्रार आली, ओळ पुसली गेली. मग इतर कॅडेटांनी निषेध म्हणून आपापल्या फळ्यांवर धर्मग्रंथांतली वचनं लिहिली. लिहिणारा नेतृत्वाच्या पदावर होता, आणि फळा खासगीही होता, सूचनांसाठीही. वीस वर्षांच्या कॅडेट-नेत्याची दारावरची ओळ मैत्रीची की हुद्द्याची, हे वाहिन्यांच्या नियमातही बसत नाही आणि गुणांच्या नियमातही. नोव्हेंबर 2014 मध्ये वर्तनसंहितेचं ते कलम पुन्हा लिहिलं गेलं. नव्या मजकुरात कसोटी ठेवली ती ऐकणाऱ्याच्या बाजूने: नेत्याच्या बोलण्या-वागण्यावरून संस्था एखाद्या श्रद्धेला अधिकृत पाठिंबा देते आहे, असा वाजवी अर्थ निघता कामा नये.